सोनटक्क्याला फळ का धरत नाही?

माजघर
२९ ऑगस्ट

नमस्कार मंडळी,

आईच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं सोनटक्क्याचं बन आहे. बावीस वर्षांपूर्वी देवरुखच्या आजोळहून तिने पदरात बांधून चार गड्डे आणले होते, त्याचं आता माझ्या खांद्याइतकं उंच रान झालंय. श्रावण लागला की रोज संध्याकाळी पंधरा-वीस फुलं उमलतात आणि माजघरापर्यंत वास येतो.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने एका जंगलातला फोटो पाठवला. सोनटक्क्यासारखीच पानं, दांड्यावर तडकलेलं फळ, आतून गर्द नारिंगी आणि त्यात लालभडक वेष्टनातल्या बिया. मी आईला दाखवला तर ती म्हणाली, "सोनटक्क्याला फळ? बावीस वर्षांत मी एक पाहिलं नाही."

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. फुलं इतकी, वास इतका, आणि फळ एकही नाही. मग ही सगळी तयारी कोणासाठी? आणि फुलातून बाहेर डोकावणारा तो लांब केशरी-पांढरा दोरा नेमका काय आहे? हळदीलाही फुलं येतात, बी कधी पाहिलेलं आठवत नाही. आल्याला तर मी फूलच पाहिलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

सह्यभटक्या
सोनटक्का गड्ड्यानेच लावतात की. बी धरून करायचं काय?

माजघर
@सह्यभटक्या, लावायला नकोच आहे. झाड इतकं करतंय ते कशासाठी, हे कळून घ्यायचंय.

परागकण
माजघरताई, प्रश्न फार आवडला. मी तीस वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि दर पावसाळ्यात पहिला तास सोनटक्क्याचं फूल हातात देऊन घेतला. एक फूल घ्या आणि ब्लेडने उभं चिरा, मग पुढचं वाचा.

त्या फुलात ज्यांना आपण पांढऱ्या पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच. खऱ्या पाकळ्या म्हणजे खाली लोंबणाऱ्या, हिरवट पांढऱ्या, अरुंद तीन पट्ट्या. त्यांच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. बाजूची दोन रुंद पांढरी पानं म्हणजे दोन वंध्य पुंकेसर. मधला मोठा, टोकाशी दुभंगलेला ओठ आणखी दोन पुंकेसर एकत्र जुळून झालेला. या कुळाच्या पूर्वजांना सहा पुंकेसर होते असं धरलं तर चार असे पाकळीसारखे झाले, एक नाहीसा झाला, आणि पराग देणारा उरला एकच. तुम्ही म्हणता तो दोरा म्हणजे हाच एकुलता पुंकेसर.

आता गंमत पाहा. त्याच्या टोकाला परागकोशाचे दोन कप्पे आहेत आणि त्यांच्या फटीतून एक केसासारखा तंतू वर येतो. तो कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाचा देठ. तो इतका बारीक असतो की स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही, परागकोशाच्या बोटांत धरल्यासारखा असतो. त्याच्या टोकाची, पराग झेलणारी हिरवट कुक्षी परागकोशाच्या किंचित पुढे येते. म्हणजे पराग आणि कुक्षी दोन्ही जवळजवळ एकाच जागी, पण कुक्षी पुढे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याचं अंग आधी कुक्षीला लागतं, मग परागाला. आधीच्या फुलातून आणलेलं इथे द्यायचं, इथलं पुढे न्यायचं. पाहुणा आलाच नाही तर पराग आपोआप कुक्षीवर सहजी जात नाही.

मकरंद पार तळाशी, अंडाशयाच्या डोक्यावरच्या दोन ग्रंथींतून झिरपतो. वरून तिथवर सात-आठ सेंटिमीटरची नळी. म्हणजे ज्याची सोंड तितकी लांब, तोच खरा पाहुणा.

अत्तरदाणी
ब्लेडने चिरून पाहिलं! तो तंतू खरंच परागकोशाच्या चिमटीत आहे. सुईने ओढला तर अलगद सुटला आणि वाकला. इतकी वर्षं वेणीत माळलं, कधी आत डोकावले नाही.

मिरगाचा_पाऊस
सर, म्हणजे हे फूल पाच जणांच्या जिवावर सजतं आणि काम एकटा करतो. आमच्या घरच्या लग्नासारखं.

परागकण
@मिरगाचा_पाऊस, अगदी. आणि ही कहाणी अख्ख्या गणाची, म्हणजे नात्यातल्या अनेक कुळांच्या गटाची आहे. केळीच्या बहुतेक फुलांत पाच पुंकेसर असतात, आल्याच्या कुळात एक, आणि आपल्या दारच्या कर्दळीत अर्धाच. तिथे एका पुंकेसराची एकच बाजू पराग करते, दुसरी पाकळी होते. कर्दळ ते पराग कळीतच चपट्या कुक्षीवृंतावर चोपडून ठेवते आणि पाहुण्याने ते तिथून उचलायचे. सारखी कापून वाटणी केल्यासारखा हा गण आपले पुंकेसर कमी करत गेला आणि त्यांतून दिखाव्याचे ओठ घडवत गेला.

गड्डा_सांगलीकर
हळदीचं मी सांगतो. आमच्याकडे तीन एकर हळद असते, सेलम वाणाची. अक्षय तृतीयेच्या आगेमागे लावण, भर लावून झाली की गणपतीनंतर पानांच्या मधून तुरे येतात. खाली हिरवट, वर पांढरट गुलाबी शेंडे, आणि त्या खोबणींत पिवळसर फुलं. सकाळी पाहिलं तर खोबणींत पाणी साठलेलं असतं, माशा घोंगावत असतात. पण बी कधी नाही. आजोबांनी नाही पाहिलं, मीही नाही. बेणं म्हणजे जेठे गड्डे नाहीतर हळकुंडं. हळदीला बी असतं असं कोणी म्हटलं तर गावात हसतील.

परागकण
@गड्डा_सांगलीकर, गावाचं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. हळदीच्या पेशीत गुणसूत्रं ६३, म्हणजे २१ चे तीन संच. बी होताना संचांची जोडी लागावी लागते. तीन संच असले की एक बिनजोडीचा राहतो आणि पराग नीट होत नाहीत. म्हणून बी दुर्मीळ. दुर्मीळ, अशक्य नाही. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने काही वाणांत खुल्या परागणाने धरलेल्या बिया गोळा करून रोपं केली आणि त्या रोपांतूनच 'प्रभा' आणि 'प्रतिभा' हे वाण निवडले. म्हणजे तुमच्या शेतातली ती माशी अगदीच रिकामी फिरत नसावी.

आल्याची गोष्ट वेगळी. गुणसूत्रं २२, म्हणजे जोड्या ठीक आहेत, पण फूल क्वचित, पराग बरेचसे निकामी, आणि असलेच तर कुक्षीवृंतात पोहोचून नळी अडते. बी धरत नाही. हजारो वर्षं आपण गड्ड्यावर गड्डा लावत आलो.

मुळशीचा
@गड्डा_सांगलीकर, हळदीचा तुरा खुडून टाकावा का? आमच्याकडे म्हणतात की फूल आलं की गड्डा भरत नाही.

गड्डा_सांगलीकर
मी खुडत नाही. मजुरी घालवायची आणि पानं तुडवायची. आमच्या शेजारचे मात्र दरवर्षी खुडतात आणि त्यांचा अनुभव चांगला आहे असं ते सांगतात. मला फरक जाणवला नाही.

सायाळ
मी खुडतो. फूल ठेवायचं की गड्डा, झाडाला दोन्हीकडे अन्न द्यावं लागतं हे साधं आहे. पण एका वर्षाच्या अनुभवावरून कोणी बोलू नये. एकाच शेतात चार ओळी खुडून, चार तशाच ठेवून वजन करावं.

गड्डा_सांगलीकर
@सायाळ, हे बरोबर. या वर्षी करतो. चार ओळी तुमच्या नावाने.

निशिगंध
मूळ प्रश्नाकडे येते. सोनटक्क्याला पाहुणा कोण? मी दोन वर्षं माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांजवळ सात ते नऊ बसून पाहिलं आहे. दिवसा सातेरी, म्हणजे देशी मधमाश्या येतात, ओठावर बसतात, परागकोशावरून पराग चाटतात, कुक्षीला अंगही न लावता निघून जातात. अंधार पडला की वास एकदम वाढतो. आणि मग हॉकमॉथ, लांब सोंडेचा मोठा पतंग. बसत नाही, हवेत थांबतो, पंखांचा भिरभिरणारा आवाज येतो, लांब सोंड नळीत जाते. त्या वेळी पंखांच्या कडा त्या पुढे आलेल्या दोऱ्याला घासून जातात. मी टॉर्चवर लाल कागद लावून पाहिलं, नाहीतर तो पळतो.

परागकण
निशिगंधताई, फार सुंदर निरीक्षण. या फुलांच्या जातकुळीबद्दल डार्विनने भाकीत केलं होतं की यांचं परागण मोठ्या पतंगांच्या पंखांनी होत असणार. पुढे ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्यूलर यांना फुलपाखरांच्या पंखांवर त्यांचे पराग लागलेले दिसले. रात्री पसरणारा सुगंध, पांढरा रंग आणि नळीची लांबी, तिन्ही गोष्टी पतंगासाठी. आपण त्या वेणीसाठी वापरतो.

दूरदेशी
मी ऑकलंडहून. इथे तुमच्या सोनटक्क्याची बहीण, पिवळ्या-केशरी तुऱ्यांची 'काहिली' नावाची जात, बंदी असलेली वनस्पती आहे. विकायची नाही, वाढवायची नाही. तिला भरपूर बिया धरतात, पक्षी त्या खाऊन जंगलात टाकतात, आणि तळाची सगळी जागा त्यांच्या गड्ड्यांनी व्यापून जाते. गंमत अशी की त्याच कुळातली पिवळी जातही इथे त्रासदायक आहे, पण तिला इथे बी धरतच नाही, ती निव्वळ गड्ड्यांच्या तुकड्यांनी पसरते. एकाच देशात एक बहीण बियांनी, दुसरी नुसत्या गड्ड्यांनी. क्यूबात सोनटक्का राष्ट्रीय फूल आहे, आणि हवाईत तोच उपद्रवी झाड मानला जातो.

माजघर
म्हणजे आमच्या आईचं बनही पिवळीच्या वाटेवर आहे.

वेंगुर्लेकर
अवांतर: आमच्याकडे हळदीची पानं म्हणजे पातोळे. नागपंचमीला पानात तांदळाची उकड, गूळ-खोबरं, आणि वाफवताना येणारा वास. फुलाचं कोणी पाहत नाही, पानावर सगळी नजर.

हळदुगी
@वेंगुर्लेकर, गोव्यातही तसंच, पातोळ्यो. तोंडाला पाणी सुटलं. माझ्या दीराकडे क्वालालंपूरला त्या कुळातल्या मशाल आल्याच्या कळ्या भाजीबाजारात मिळतात, 'बुंगा कांतान' म्हणतात. कापून लाक्सात (तिकडचं शेवयांचं सूप) आणि कोशिंबिरीत घालतात, वास लिंबू-आलं असा. तिथे फूल खातात, आपण पान.

सह्यभटक्या
आता माझा रस वाढला. कासच्या पठारावर ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी चवर पाहिली असेल. पानांच्या मधून उभा तुरा, हिरवट पांढऱ्या खोबणी, आत फिकट पिवळसर फुलं. हीदेखील हळदीची नातलग, आणि फक्त आपल्या सह्याद्रीच्या उत्तर भागात. महाबळेश्वर, पाचगणी, कास. आता तिला हळदीच्याच जातकुळीत घालतात. जगात दुसरीकडे नाही हे समजल्यापासून मी तिच्यावरून पाय टाकत नाही.

आणि रानहळद. जूनच्या पहिल्या पावसात पानाआधी, जमिनीतूनच गुलाबी तुरा. नंतर पानांमधूनही येतो. ते गुलाबी वरचं फूल नाही, वांझ खवले आहेत. फुलं पिवळी, खालच्या खोबणीत.

परागकण
@सह्यभटक्या, तो गुलाबी शेंडा दुकानाच्या पाटीसारखा आहे. दुरून दिसतो, माल खाली. हळदीच्या फुलात आणखी एक यंत्र आहे. परागकोशाच्या बुडाशी दोन टोकदार खुंट्या असतात. माशी मकरंदासाठी डोकं आत खुपसते, डोकं त्या खुंट्यांना ढकलतं, आणि परागकोश तरफेसारखा फिरून तिच्या पाठीवर आपटतो. पुढच्या वेळी काडीने करून पाहा. निळ्या पट्ट्यांच्या माश्या या फुलांच्या खास पाहुण्या आहेत. त्या काडीपेक्षा जास्त अचूक ढकलतात.

भुंग्याचं_घर
पेवाबद्दल बोला ना. आमच्या रत्नागिरीच्या आडावर पेव खूप आहे. जिना चढल्यासारखी गोल वळणारी पानं, लाल खवल्यांचा बोंडा, पांढरं कागदी फूल. मोठा काळा भुंगा पूर्ण आत जातो.

परागकण
@भुंग्याचं_घर, पेव आता वेगळ्या कुळात धरतात. त्याच्या पानाला आल्यासारखा वास येत नाही, पानं चक्राकार असतात, आणि त्याच्या ओठात दोन नाही, पाच पुंकेसर जुळून आलेले असतात. भुंगा आत शिरला की त्याच्या पाठीला पराग. लाल खवल्यांवर मकरंद झिरपतो तो फुलाबाहेर, मुंग्यांसाठी. मुंग्या तिथे राखण करतात.

मिरगाचा_पाऊस
"पेव फुटलंय" म्हणतात ते यावरून का?

सायाळ
नाही, ते धान्याचं पेव. जमिनीत खणलेलं कोठार. ते फुटलं की धान्याची रास बाहेर येते. झाडाचा संबंध नाही.

भुंग्याचं_घर
मी तर लहानपणापासून झाडाचंच समजत होतो. पावसाला पेव फुटतं असं डोळ्यांपुढे यायचं.

मसालेवाली
मी बंगळुरूला असते, सासर उत्तर कन्नडात. सुपारीच्या बागेत वेलदोडा आहे. त्याची फुलं पानांत नसतात, बुडातून निघून जमिनीलगत पसरणाऱ्या दांड्यांवर असतात. पांढरी, ओठावर जांभळट रेषा. पहाटे उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटतं. एका फुलाला एकच दिवस. त्या दिवशी पाऊस पडला आणि माश्या आल्या नाहीत तर ते फूल गेलं. मोहोर पावसाळ्यातच येतो, म्हणून ही धास्ती दरवर्षी.

आमच्या सासऱ्यांनी सातेरीच्या चार पेट्या ठेवल्या आहेत. पेट्या ठेवल्यावर दाणा वाढला असं ते सांगतात. त्यांना विचारलं, माशीची जीभ इतकी लहान आणि फुलाची नळी इतकी लांब, मकरंद मिळतो कसा? त्यांना माहीत नव्हतं.

परागकण
@मसालेवाली, याचं उत्तर बंगळुरूच्याच संशोधकांनी १९९७ मध्ये शोधलं. वेलदोड्याच्या नळीची लांबी मधमाशीच्या जिभेच्या कित्येक पट. पण नळीच्या मधोमध तो बारीक कुक्षीवृंत उभा असतो. नळी आणि कुक्षीवृंत यांमधल्या सूक्ष्म जागेतून मकरंद केशाकर्षणाने वर चढतो, दिव्यातल्या वातीसारखा. माशी वरून पीत जाते, खालचा वर येत राहतो. कुक्षीवृंत काढून टाकला की माशीला इतक्या खोलचा मकरंद मिळत नाही. मी हे वाचलं त्या दिवशी वर्गात तीनदा सांगितलं.

सायाळ
म्हणजे मधमाशीच्या पेट्या ठेवल्या की काम झालं. सगळ्या पिकांना हाच उपाय.

परागकण
@सायाळ, इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. सिक्कीममध्ये मोठी वेलची, म्हणजे मसाला वेलदोडा, तिथे पाहा. तिची फुलंही जमिनीलगत. तिथे अभ्यासात दिसलं की सातेरी पराग गोळा करून नेते पण कुक्षीला स्पर्शच करत नाही. चोरच म्हणा. खरं काम मोठी, केसाळ बंबलबी करते, कारण ती आत शिरताना फुलाची सगळी जागा भरते. तिथे सातेरीच्या पेट्या वाढवून फळ वाढेल असं धरून चालता येत नाही. कोणाचं अंग कुठे लागतं हे बघितल्याशिवाय पेटी ठेवू नये.

सायाळ
मान्य. निशिगंधताईंच्या सोनटक्क्यावरही सातेरी चोरच ठरते मग.

परागकण
हो, तोच प्रकार.

रानपाखरू
सर, सगळं या फुलांचं माशी आणि पतंगावर चालतं का? पक्षी?

परागकण
बोर्निओला जावं लागेल. सारावाकच्या लॅम्बीर टेकड्यांच्या जंगलात शोको साकाई आणि सहकाऱ्यांनी आल्याच्या आणि पेवाच्या कुळातल्या २९ जाती पाहिल्या आणि १९९९ मध्ये मांडल्या. ८ जातींचं परागण शिंजिराच्या कुळातले लांब चोचीचे स्पायडरहंटर पक्षी करतात, ११ निळ्या पट्ट्यांच्या मध्यम माश्या, आणि १० अगदी लहान माश्या. एकाच जंगलात, शेजारी शेजारी. नळीची लांबी, फुलाचा रंग, मकरंदाचं प्रमाण ज्याच्या त्याच्या पाहुण्याप्रमाणे.

आणि त्याच जंगलात याच गणातली एक वेगळी वनस्पती आहे, फुलं जमिनीजवळ, मकरंद नाही, वास शेणाचा. शेणकिडे फसून येतात आणि पराग घेऊन जातात. ज्या गणात सोनटक्क्याचा सुगंध आहे, त्याच गणात हाही आहे.

हळदुगी
शेणाचा वास! वेणीत चालणार नाही ते.

रानपाखरू
हिमालयातला एक जोडते. उत्तराखंडात ट्रेकला जाताना जांभळी, ऑर्किडसारखी फुलं दिसतात, रॉस्कोया. ही आल्याच्याच कुळातली. नेपाळमध्ये अभ्यास झालाय की त्यातल्या एका जातीचं परागण गोमाशीच्या कुळातली एक माशी करते, जिची सोंड अंगापेक्षा कितीतरी लांब असते. तेवढ्या उंचीवर पतंगावर भरवसा नाही.

मुळशीचा
आणि एखाद्याकडे कोणीच आलं नाही तर?

परागकण
@मुळशीचा, त्याचीही सोय कोणीतरी केली आहे. दक्षिण चीनमध्ये, दमट आणि सावलीच्या कड्यांवर आल्याच्याच कुळातली एक छोटी, पिवळ्या फुलांची जात आहे. तिथे कीटक फार कमी. तिचे पराग तेलकट थरात मिसळून कुक्षीवृंतावरून हळूहळू वाहत जाऊन स्वतःच्या कुक्षीवर पोहोचतात. वारा नाही, कीटक नाही, पाणी नाही. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

याच्या अगदी उलट टोकाचं युनानमध्ये, कुलंजनाच्या जातकुळीत. तिथे एका जातीची झाडं दोन प्रकारची. एका प्रकारात सकाळी पराग बाहेर येतात आणि कुक्षी वर वाकून बाजूला राहते. दुसऱ्या प्रकारात सकाळी कुक्षी खाली वाकून पाहुण्याची वाट पाहते आणि पराग बंद असतात. दुपारी दोघांची अदलाबदल होते, कुक्षी प्रत्यक्ष वाकून जागा बदलतात. एका झाडाची सगळी फुलं एकाच वेळी एकच भूमिका करतात, म्हणून स्वतःशी परागण जवळजवळ होतच नाही. दुसऱ्या प्रकारचं झाड लागतंच. २००१ मध्ये हे शोधलं गेलं तेव्हा मी तास थांबवून सगळ्यांना ऐकवलं होतं.

अत्तरदाणी
सर, हे सगळं वाचून माझ्या मनात साधा प्रश्न आला. माजघरताई, तुमची आई फुलं खुडते कधी?

माजघर
@अत्तरदाणी, संध्याकाळी. दिवेलागणीला. उमललेली सगळी. थोडी देवाला, थोडी वेणीला, उरलेली तांब्यात.

अत्तरदाणी
सगळी?

माजघर
सगळी. एकही ठेवत नाही. बावीस वर्षं.

निशिगंध
मग पतंग येईल तेव्हा फूल तांब्यात असतं!

माजघर
थांबा. मी आईशी बोलते.

माजघर
११ सप्टेंबर

आईने ऐकून घेतलं. म्हणाली, "मग पाहुणा उपाशीच गेला की इतकी वर्षं." आता बनाचा उजवा अर्धा भाग खुडायचा नाही असं ठरलं. मी तीन गट केले. काही फुलं तशीच राहू दिली. अकरा फुलांना बनातल्याच दुसऱ्या फुलाचे पराग कुक्षीला लावले. आठ फुलांना आळीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंच्या बनातले पराग लावले. त्यांचं बन गारगोटीकडून आलेलं, आमच्याशी संबंध नसलेलं. परागकोश मऊ ब्रशने घासून, साडेसात वाजता, हेडलॅम्पच्या उजेडात. वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. किती दिवसांनी कळेल?

परागकण
पी हळद आणि हो गोरी असं होणार नाही, दोन-तीन महिने द्या. दांड्याच्या बुडाशी अंडाशय फुगतो का तेवढं आठवड्याला एकदा पाहा. पाऊस जोरात असला की दोरा सैल होतो, त्याची गाठ नीट मारा.

सह्यभटक्या
वाचतोय. काय होतं ते नक्की लिहा.

गड्डा_सांगलीकर
इकडेही चार ओळी खुडल्यात. वजन फेब्रुवारीत.

निशिगंध
@माजघर, एक विनंती. तुमच्या अंगणात रात्री मोठा दिवा असेल तर तासभर बंद ठेवून बघा. माझ्या गच्चीवर दिवा चालू असला की पतंग दिव्यापाशी फिरत राहतो, फुलाकडे येत नाही.

माजघर
बंद केला. आईला अंधारात बसायला आवडलं. काल एक आला. मी आणि आई दोघी गप्प. फुलाजवळ थांबला, पंखांचा आवाज, आणि गेला. आई म्हणाली, "एवढ्यासाठी बावीस वर्षं?"

माजघर
८ डिसेंबर

धागा वर काढतेय.

तशीच ठेवलेली जवळजवळ तीस फुलं गळली, फळ एकही नाही. बनातल्याच परागांचं अकरापैकी एक फुगलं. काकूंच्या बनातल्या परागांची आठपैकी दोन फुगली. त्यांतलं एक काल सकाळी तडकलं. आत नारिंगी, आणि लाल वेष्टनातल्या बिया, मैत्रिणीच्या फोटोतल्यासारख्याच.

परागकण
ताई, आनंद झाला. अकरांतलं एक आणि आठांतली दोन यावरून आपलं परकं असा निवाडा करू नका, आकडे फार थोडे आहेत. पण न शिवलेल्या तिसांत शून्य आणि हाताने केलेल्या एकोणिसांत तीन, एवढं मला स्पष्ट दिसतं: तुमच्या बनाला फळ धरता येतं, कमी होता तो पाहुणा. ते लाल वेष्टन मुंग्या आणि पक्षी नेतात, म्हणून बिया लावायच्या असतील तर ते चोळून काढा आणि ताज्याच लावा, वाळवू नका.

दूरदेशी
न्यूझीलंडहून एवढंच, बिया माझ्याकडे पाठवू नका, विमानतळावरच धरतील.

माजघर
नाही पाठवत! अकरा बिया निघाल्या. आईने त्या कुंडीत लावल्या आहेत आणि कुंडी देवघराच्या खिडकीत ठेवली आहे. रोज सकाळी पाणी घालते आणि विचारते, "याला फूल यायला किती वर्षं?"